सीलिंगच्या वरची दीड वीत

दादाने मला फसवलं.

बायको हे माझ्याआधी बोलली, तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो होतो. थोरल्या भावाबद्दल कुणी वावगं बोललं की मी लगेच अंगावर जातो. तो राग मायेचा आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. माया त्यात आहेच. पण निम्मा ओशाळेपणाचा आहे, हे आता पन्नाशी उलटल्यावर लिहून टाकायला हरकत नाही.

आमची माय शेवटची बरीच वर्षं अंथरुणावर होती. मी नोकरीत, आधी महागावला, मग पांढरकवड्याला. शनिवारी संध्याकाळी संत्री घेऊन यवतमाळला यायचो. मायला फोडी सोलून द्यायचो, पाय चेपायचो आणि रविवारी दुपारी जेवून परत. शेजारच्या बाया म्हणायच्या, "लहान्याचा केवढा जीव पहा मायवर, एवढ्या दुरून येते." दादा तेव्हा मागच्या अंगणात मायची दुपटी पिळत असायचा. त्याच्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही, कारण तो रोजचाच होता. तोही काही म्हणायचा नाही. मी म्हणायचो, "दादा, लय करतं तू." तो म्हणायचा, "माय हाये माही." संपलं.

माय गेली तो मंगळवार होता. म्हणजे मी नव्हतो.

त्यानंतर दादाने काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालंच नाही. बाभुळगावच्या वावराची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा त्याला हवा होता, मी मान डोलावली. गच्चीवर त्याने शेड टाकलं, मी विचारलंही नाही. बायको म्हणायची, "अहो, त्यांनी मागाच्या आधीच तुम्ही देऊन मोकळे होता." तिचं बरोबर होतं. मागेपर्यंत थांबलो तर त्याला मायच्या सेवेची आठवण मला करून द्यावी लागेल, ही मला भीती होती.

आमचं घर उतारावर आहे. समोरून पाहिलं तर दोन मजली, मागच्या गल्लीतून तीन. खालचा, जमिनीत अर्धा गेलेला, तो आमचा तळघराचा मोठा हॉल. त्याच्या वर दादाचं बिऱ्हाड, त्याच्या वर, यवतमाळला बदली झाल्यापासून, माझं. मागच्या गल्लीतून तळघरात शिरायला एकही पायरी नाही, आणि वाटणीत तळघर माझ्याकडे आलं होतं. वर्षानुवर्षं त्यात कापसाच्या गाठोड्यांचा, जुन्या कुलरांचा आणि तुरीच्या पोत्यांचा संसार होता. मग बायकोचे गुडघे गेले. वरच्या मजल्यावरून भाजी आणायला उतरली की चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे बदलावे लागतील आणि जिना कायमचा विसरा. तेव्हा तिनेच म्हटलं, "खालचा हॉल नीट केला तर मी राहीन तिथं. गल्लीत बसून लोकं तरी दिसतील."

तिची एकच अट होती. वरचा स्लॅब खडबडीत, काळवंडलेला, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ओरखडे तसेच. शिवाय दादाकडे खुर्ची सरकली तरी खाली ऐकू यायची. तिला बँकेत असतं तसं पांढऱ्या चौकोनी टाइलांचं सीलिंग हवं होतं. "निजल्यावर वर पाह्यलं तर गोडाऊनमध्ये निजल्यासारखं नको वाटाले," ती म्हणाली.

दादाला सांगितलं तर तो खूश झाला. तो कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होता, हाताला कुठलंही काम वर्ज्य नाही. "माणसं कायले लावतं बाबू? आपण दोघं भाऊ करून टाकू. सामान मी आणतो."

दिवाळी झाल्यावर आम्ही काम काढलं. ते दिवस फार चांगले गेले, हेही लिहायला हवं, कारण ते खरं आहे. पहिली गोष्ट म्हणजे भिंतीवर चारी बाजूंनी एका पातळीत रेघ मारायची. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यायची. एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. पाणी दोन्हीकडे हलायचं थांबलं की खूण करायची. तू इकडे बघतोस, तो तिकडे. त्याच्या टोकाला पाणी कुठं आहे ते तुला दिसत नाही, त्याने सांगितलं ते मानायचं.

पहिली खूण दादाने केली ती स्लॅबपासून चांगली दीड वीत खाली.

"एवढं खाली कायले दादा? डोक्याले लागीन."

"तू कोणता ताडमाड हायेस लेका! हवा खेळाले जागा पाह्यजे वरतं. नाईत उन्हाळ्यात टाइल तापते."

"तळघरातली टाइल कशी तापीन? वरतं त तुमचं घर हाये."

"मंग माह्या घराची गरमी तुह्या डोक्यावर उतरू द्याची काय? सांगतो तसं कर. पाणी कुठं आलं पाय."

मी पाणी पाहिलं. "बरोबर," म्हटलं.

रंगाची दोरी ताणून त्याने टिचकी मारली, भिंतीवर निळी रेघ उठली. त्या रेघेवर अँगल ठोकले. स्लॅबला भोकं पाडून तारा सोडल्या, तारांना लांब पट्ट्या, पट्ट्यांना आडव्या पट्ट्या. सगळ्या हॉलभर रिकाम्या चौकटींचं जाळं झालं. मग टाइल तिरकी करून चौकटीतून वर न्यायची आणि अलगद खाली बसवायची. ती बसताना जो हलका ठक असा आवाज यायचा, तो आला की आम्ही दोघंही हसायचो. डोकी, भुवया, मिशा सगळं पांढरं. वहिनी चहा घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "पीठ दळाले बसलते काय दोघं?" दादा म्हणाला, "याची दाढी पाय, मायच्या बापासारखा दिसून राह्यला." लहानपणानंतर आम्ही इतके सलग दिवस एका जागी काम केलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस माझ्यावर रागावलेला नाही.

मागच्या भिंतीकडची शेवटची ओळ त्याने एकट्याने बसवली. मी म्हटलं, धरू लागतो. तर म्हणाला, "तू झाडून घे, तुह्याच्यानं टाइल तुटते."

त्यानंतर आम्ही नागपूरला गेलो. बायकोचं ऑपरेशन, मग दुसऱ्या गुडघ्याचं, मग व्यायाम, तपासण्या. मुक्काम तिच्या बहिणीकडे. मध्येच पुतण्याचं लग्न आलं. बायकोला येता आलं नाही, मी एकटा आलो. दादाने सुनेसाठी पुतण्याच्या खोलीला लागून नवीन संडास-बाथरूम काढलं होतं. चकचकीत, गीझर, आरसा, सगळं. मी कौतुक केलं. लग्नाच्या सकाळी मी स्वतः त्यातच आंघोळ केली. हे पाणी जातं कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. भावाच्या घरातल्या पाण्याच्या वाटा कोण पाहत बसतं?

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आम्ही परतलो ते थेट खालच्या हॉलमध्ये. बायको गल्लीच्या दारातून चालत आत आली, कुठेही न टेकता. वर पाहिलं आणि म्हणाली, "दवाखान्यासारखं झालं नाही ना? नाही. छान झालं."

आता देवांचं सांगतो. आमच्याकडे देव थोरल्याकडे असतात. सणाला आम्ही दादाकडे जायचो, नैवेद्य तिथेच. पण आता बायकोला दादाकडे जायलाही समोरच्या पायऱ्या होत्या. दादा आपणहून म्हणाला, "मायचा बाळकृष्ण अन अन्नपूर्णा तुह्याकडं ठेव. तुह्या घरवालीले हात जोडाले पाह्यजे घरात." त्या पितळी बाळकृष्णाला माय रोज स्वतःच्या पदराने पुसायची. अंथरुणाला खिळल्यावर तिचं ते काम वहिनींनी केलं. तो आज माझ्या घरी.

अखजीला दादा नव्या कापडात देव घेऊन आला. मागून वहिनी, सून, गल्लीतल्या चार बाया. "कुठं ठेवाचं?" त्याने विचारलं. मी ईशान्येचा कोपरा दाखवला, मागच्या भिंतीकडचा. तिथे मी पाट मांडून ठेवला होता. दादा क्षणभर थांबला. मला वाटलं, त्यालाही माय आठवली. मग त्याने पाटावर देव ठेवले, नारळ फोडला, डोळे मिटून हात जोडले. मी त्याच्या पाया पडलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

काही दिवसांनी बायको म्हणाली, "वर पाणी वाजते."

"गच्चीवरची टाकी भरत असेल."

"टाकीचा आवाज असा नसते. आणि सकाळीच जास्त येते."

"आपल्या मजल्याचा पाइप मागच्या भिंतीवरूनच उतरतो ना. त्याचा असेल."

"आपल्या मजल्यावर कोण हाये आता? आपण त इथं."

मी वर्तमानपत्र उघडलं. अशा वेळी मी वर्तमानपत्रच उघडतो.

जुलैत देवांच्या वरच्या टाइलवर डाग उमटला. चहाचा कप ठेवल्यावर पडतं तसं पिवळसर कडं. मी म्हटलं, पावसाचं असेल. बायको म्हणाली, "पाऊस तुमच्या दादाच्या घरातून झिरपून येतो काय?" त्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढलो आणि ती टाइल तिरकी करून उतरवली.

वर हाताएवढ्या जाडीचा पाइप होता. दादाच्या नव्या संडासातून स्लॅब फोडून खाली आलेला. देवांच्या बरोबर वरून जाऊन मागच्या भिंतीतून बाहेर आणि बाहेर आमच्याच उभ्या पाइपाला जोड. जोडाभोवती थेंब लोंबत होता. पाइप भिंतीकडे उतरत गेलेला, आणि तो उतार त्या दीड वितीत अगदी मापाने बसला होता. बोटभरही जागा वाया गेली नव्हती. मी स्टुलावर उभा असतानाच वर कुणीतरी फ्लश केलं. पाइपाच्या आतून सगळं धाडधाड माझ्या कानाजवळून गेलं.

खाली बायको विचारत होती, "काय हाये?"

मी टाइल परत बसवली. "पाइप आहे," म्हटलं.

"कशाचा?"

मी सांगितलं. ती देवांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फसवलं तुमच्या भावानं." आणि मी तिच्यावर ओरडलो. आजारातून उठलेल्या बाईवर, तिच्याच घरात. ते मला अजून सलतं.

मी वर गेलो. दादा दिवाणावर पडून क्रिकेट पाहत होता. वहिनींनी चहा टाकला. सून येऊन पाया पडली. ती गेल्यावर मी विचारलं, "नव्या बाथरूमचं पाणी कुठून जाते दादा?"

"मागच्या चेंबरात."

"कुठून?"

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "तुह्या वरून. दुसऱ्या अंगानं न्याचं त आमचा बैठकीचा सगळा हॉल फोडा लागला असता. नवीन ग्रॅनाइट हाये."

"सीलिंग लावलं तवाच ठरलं होतं?"

"तवाच ठरलं होतं. पोराचं लग्न जमलं होतं ना."

म्हणजे नळीच्या त्या टोकाला उभा राहून तो माझ्या छतातून स्वतःचा पाइप पाहत होता.

"मले विचारलं नाही."

"विचारलं असतं त तू नाई म्हणला असता काय?"

"नाही."

"मंग? विचाराचं कायले?"

या प्रश्नाचं उत्तर मला आता येतं. मी हो म्हटलं असतं, दादा. पण मग मी खाली देवाचा पाट दुसऱ्या भिंतीला मांडला असता, बायकोला आधीच सांगितलं असतं, आणि ते मी तुला दिलेलं असतं. तू ते घेऊन टाकलंस.

तेव्हा मी एवढंच म्हणालो, "अन बाळकृष्ण? तू सोताच्या हातानं ठेवला त्याच्या खाली."

दादा उठून बसला. "कोपरा तू दाखवला. गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. तवा काय सांगू, इथं नको, वरतं संडास हाये म्हणून?"

"दुसऱ्या दिवशी सांगाचं होतं."

तो टीव्हीकडे तोंड करून म्हणाला, "मायचं सारं म्या केलं. कधी बोललो काय? तुह्या डोक्यावरून एक पाइप गेला त तुले एवढं लागलं."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आवं, काय बोलता!"

इतकी वर्षं तो हे बोलला नव्हता, आणि तो बोलत नाही म्हणूनच मी त्याला मानत होतो. मला वाटायचं, मी मनात मोजतो, तो मोजत नाही, म्हणून तो मोठा. त्या दुपारी कळलं की तोही मोजत होता. पाइपाचा मला एवढा राग आला नव्हता. मायची ती सगळी वर्षं, ती दुपटी, ती पिळणाऱ्या हातांची लाली, हे सगळं त्याने एका संडासाच्या पाइपात वळतं करून घेतलं, याचा आला. माझ्या मनात त्याची किंमत फार मोठी होती. त्याने ती इतक्या स्वस्तात लावली.

चहा न पिता मी खाली आलो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बायकोने देव ताटात घेतले, कापडात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

"देऊन या."

"देव परत देत नसतात."

"मंग कुठं ठेवू? वरच्या आपल्या रिकाम्या घरात? तिथं दिवा कोण लावीन? मले जिना होत नाही. देव वर जातील, मी नाही जात."

मी पायऱ्या चढलो. पुतण्या आणि सून तिच्या माहेरी गेलेले होते. वहिनींनी दार उघडलं, माझ्या हातातलं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दादा बनियनवर होता.

"हे काहून आणलं?"

"तिथं जागा नाही."

"एवढा मोठा हॉल—"

"जागा नाही दादा."

तो हात पुढे करता करता थांबला. "मी आंघोळ नाई केली. असा कसा घेऊ?"

"करून ये. मी बसतो."

जुन्या बाथरूममध्ये वहिनींचे कपडे भिजलेले होते. दादा नव्यात गेला. मी देव मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. आतून बादलीचा आवाज आला, मग पाणी पडायला लागलं. आता ते खाली माझ्या हॉलवरून जात होतं. बायको तिथे एकटी बसलेली होती आणि तिला ते ऐकू येत असणार. वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मी म्हणत होती यांले, भाऊजींले सांगा म्हणून." मी मान हलवली. त्या म्हणत असतील. त्यांनी मायचं जे केलं ते मी अजूनही विसरलेलो नाही.

दादा ओल्या केसांनी बाहेर आला आणि त्याने देव घेतले. त्याच्या देवघरात मायच्या बाळकृष्णाची जुनी जागा अजून रिकामी होती. तिथे ठेवले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "दिवाळीनंतर काढतो पाइप दुसऱ्या अंगानं."

"दिवाळीनंतर नाही. सून माहेरून यायच्या आत."

तो वळला. "तू मले सांगून राह्यला?"

"हो."

"माय असती त—"

"माय असती त तिलेच विचारलं असतं, दादा, खालच्या हॉलमध्ये त्या पाइपाखाली झोपतं काय म्हणून."

वहिनी आत निघून गेल्या. दादा बराच वेळ टॉवेलने मान पुसत राहिला. मान कधीच कोरडी झाली होती.

पाइप निघाला. दादाने एकट्याने काढला, मी मदतीला गेलो नाही आणि त्याने बोलावलंही नाही. ग्रॅनाइट फुटलं, त्याची पट्टी बदलली, ती बाकीच्या फरशीशी जुळत नाही. खालची डागाळलेली टाइल मी बदलली. बायको आता मागच्या दारात खुर्ची टाकून बसते, येणारे-जाणारे तिच्याशी बोलतात, आणि तिचं चालणं पुष्कळ सुधारलं आहे. देव तिने परत मागितले नाहीत. मीही नाही.

दादा माझ्याशी बोलतो, पण वहिनींच्या मार्फत. मायच्या तिथीला पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. वरण संपलं तेव्हा त्याने वाटी माझ्याकडे न सरकवता वहिनींना हाक मारली. माझ्यावर त्याचे जे उपकार आहेत ते आहेतच, ते पाइपाबरोबर निघून गेले असं म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त आता त्यांचा बोजा वाटत नाही. आणि बोजा वाटत नाही, याचंच वाईट वाटतं.

दादा काही वाचत नाही. सून वाचते. तिने एकदा गल्लीच्या दारात येऊन बायकोला विचारलं होतं, "काकू, बाथरूम माझ्यासाठी काढलं म्हणून झालं का हे सगळं?" बायकोने तिला पोहे खायला घातले आणि विषय बदलला. पोरी, तुझ्यामुळे नाही झालं. तू यायच्या पुष्कळ आधीपासून आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतो, एवढंच. आमचं ते न बोलणंच आम्हाला बोलणं वाटत होतं.